आठव्या दिवसाची मोजणी

आमच्या बियाणे कंपनीत शनिवारची मीटिंग
चारला सुरू व्हायची, सव्वाचारला संपायची.
बशीतलं शेवटचं बिस्किट उचलायच्या आत
सगळ्यांचं सगळ्यांशी पटलेलं असायचं.
मी त्याला शिस्त म्हणायचो.
जालन्याच्या एमआयडीसीत इतकी शांत लॅब दुसरी नाही,
असं पाहुण्यांना सांगायचो
आणि खिडकी लावून घ्यायचो,
कारण शेजारी सळया कापायचे.

मग भोकरदनची तबस्सुम पठाण आली.
आवाज बारीक, पेन कानाला.
पहिल्या महिन्यात रजिस्टर शिकली,
दुसऱ्या महिन्यात म्हणाली,
"सर, सोयाबीनचा एकशे बारा नंबरचा लॉट नापास आहे."

गंगणे हसले.
बावीस वर्षं ते प्रॉडक्शनला.
दाणा दाताखाली धरून ओल सांगतात
आणि बहुतेकदा मशीन त्यांचंच ऐकतं.
"बहात्तर टक्के उगवलंय, बाई. सत्तरला पास.
हिशेब येतो ना?"
"येतो. चौसष्ट आहे.
वाकडी मुळं तुम्ही धरली. मी नाही धरली."

बाहेर ट्रक उभा होता, ताडपत्री बांधून.

माझ्या जिभेवर नेहमीचं वाक्य आलं:
जाऊ द्या, दोघांचंही बरोबर, मधला आकडा लिहू.
मनातच मध्य काढला. अडुसष्ट.
मध्यही नापास.

हेच वाक्य अकरा वर्षांपूर्वी बोललो होतो,
दुसऱ्या लॉटला, दुसऱ्या साहेबांसमोर.
त्या जूनमध्ये घनसावंगीकडच्या एका वावरात
लोकांनी मला नेऊन उभं केलं.
वावर काळं होतं. नुसतं काळं.
पुढचं मी इथंही सांगणार नाही.

"कागद उघडा," मी म्हणालो.

ओल्या कागदाच्या चार गुंडाळ्या,
एकेकीत शंभर दाणे.
चिमट्यानं एकेक अंकुर उचलून भांडण.
"हे धर."
"कामून धरू? शेंडाच नाही याला."
"अगं, मातीत गेलं की फुटतं ते."
"मातीचं माती बघेल. कागदावर काय दिसतंय ते बोला."
गंगण्यांनी चष्मा टेबलावर आपटला.
तिचा आवाज चिरकला, चिमटा हलला नाही.
पण कुणी कुणाच्या बापापर्यंत गेलं नाही,
गावापर्यंत नाही, आडनावापर्यंत नाही.
अंकुराच्या दोन इंचांतच राहिले दोघं.

तिसऱ्या गुंडाळीला गंगणे थांबले.
कागद बोटांत चोळला.
"हा कोरडा आहे. कोणत्या कप्प्यातला?"
"खालच्या."
"मग तुझे चौसष्टही खोटे, पोरी."
ती उठली. उगवणपेटीत डोकं घातलं.
बराच वेळ बाहेर काढलंच नाही.
मग म्हणाली, "हाव. खाली पाणीच चढत नाहीये.
मी रोज वरचाच कप्पा बघत होते."
गंगणे खिडकीकडे बघत बोलले,
"वाकड्यांतली सहा तुझी खरी. सोड ती."

ट्रक रिकामा केला.
मुथा शेठ फोनवर जे बोलले ते कवितेत बसत नाही.
पेटी दुरुस्त करून आठ दिवसांनी पुन्हा मोजलं:
सदुसष्ट.
एका ओळीत दोघांच्या सह्या,
गंगण्यांची जरा दाबून केलेली,
मागच्या पानावर उमटलीय.

आता शनिवारी साडेसहा वाजतात.
चहा दोनदा येतो, दुसरा गार होतो.
खिडकी उघडीच असते,
सळया कापणारे हात थांबवून ऐकतात.
गंगणे तिला कटकटी म्हणतात
आणि नवा लॉट आधी तिच्याच टेबलावर ठेवतात.
माझ्या छातीत अजून धडधडतं.
आवाज चढला की हात आपोआप
बिस्किटांच्या बशीकडे जातो, पुढे करायला.
मग मी तो मांडीखाली दाबून बसतो.

काल गेटवर भुजंगमामानं विचारलं,
"साहेब, लई आवाज येत होता. भांडण झालं का?"
"झालं."
"मिटलं का मग?"
"नाही. मंगळवारी पुन्हा आहे."